कस निओबियमचा
कणवेगवर्धकांतील अतिसंवाहक पोकळ्या आणि धातूची शुद्धता

सोन्याचा कस सराफ कसोटीच्या दगडावर पाहतो. दगडावर उमटलेल्या रेघेच्या रंगावरून त्या सोन्यात तांबे वा चांदी किती मिसळली आहे याचा अंदाज त्याला बांधता येतो. व्यवहाराला एवढी पारख पुरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र विज्ञानाला अशा एका धातूची गरज भासू लागली, की ज्यातील भेसळ शंभरात किंवा हजारात नव्हे, तर दहा लाखांत मोजावी लागते. हा धातू म्हणजे निओबियम. त्याचा कस दगडावर लागत नाही. तो लागतो कडाक्याच्या थंडीत, उणे २७० अंश सेल्सियसच्याही खाली. अणूंच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्या, तसेच प्रथिनांच्या रचनेची छायाचित्रे टिपणाऱ्या प्रचंड कणवेगवर्धकांचे यश या धातूच्या शुद्धतेवर अवलंबून असते. ही शुद्धता कशी मिळवली जाते, आणि मुळात शुद्धता म्हणजे नेमके काय, या प्रश्नांचा मागोवा घेताना गेल्या साठ वर्षांत शास्त्रज्ञांना जे अनुभव आले, ते उद्‌बोधक आहेत.

पोकळीचे कार्य

कणवेगवर्धक म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांसारख्या विद्युत् भारित कणांना गती देणारे यंत्र. नागपंचमीच्या झोक्याला योग्य क्षणी हात लावला, की प्रत्येक फेरीबरोबर झोका उंच जातो. अवेळी हात लावला तर तो मंदावतो. कणांनाही असाच वेळ साधून धक्का द्यावा लागतो. हे काम धातूच्या पोकळ भांड्यात केले जाते. या भांड्यात रेडिओ लहरी सोडल्या, की आतील विद्युत् क्षेत्राची दिशा सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटसुलट होत राहते, आणि नेमक्या क्षणी आत शिरलेला कण पुढे ढकलला जातो. या भांड्याला अनुनादक पोकळी म्हणतात. आज अनेक ठिकाणी वापरात असलेली एक प्रमाणभूत पोकळी सुमारे एक मीटर लांब असून, एकापुढे एक जोडलेल्या नऊ गोलसर कप्प्यांची बनलेली असते. तिच्यातील क्षेत्र सेकंदाला १३० कोटी आवर्तने करते.

पोकळी तांब्याची केली तर एक अडचण उद्‌भवते. लहरींमुळे पोकळीच्या आतील पृष्ठभागावर विद्युत् प्रवाह वाहू लागतो आणि तांब्याच्या रोधामुळे त्याची उष्णता होते. दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा कणांना गती देण्याऐवजी भिंती तापविण्यात खर्च होतो. जोरदार क्षेत्र अखंड चालू ठेवायचे म्हटले, तर तांब्याची पोकळी थंड राखणेच दुरापास्त होते. म्हणून तांब्याच्या पोकळ्या बहुधा क्षणभरच्या स्पंदांपुरत्या चालविल्या जातात.

१९११ साली हॉलंडमधील लायडेन येथे कामर्लिंग ऑनेस यांना असे आढळले, की ४.२ केल्व्हिन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सियसच्या सुमारास पाऱ्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा होतो. या गुणधर्माला अतिसंवाहकता असे नाव मिळाले. पोकळीची भिंतच अतिसंवाहक असेल तर विजेचा अपव्यय टळेल, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिशाचा मुलामा दिलेल्या पोकळीतून इलेक्ट्रॉनांना गती देण्यात यश आले, आणि पाठोपाठ निओबियमच्या पोकळ्यांवर काम सुरू झाले.

एका वॅटची किंमत

अतिसंवाहकात रोध पूर्णपणे शून्य होतो, हे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापुरते खरे आहे. झपाट्याने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला अल्पसा रोध होतोच. तो तांब्याच्या रोधाच्या काही लाखांश असतो. पोकळी आपली ऊर्जा किती काळ राखून ठेवते, हे दर्शविणाऱ्या संख्येला गुणवत्ता अंक म्हणतात. तांब्याच्या पोकळीचा हा अंक काही दशसहस्र असतो. निओबियमच्या चांगल्या पोकळीचा अंक एक हजार कोटी किंवा त्याहून अधिक असतो. या आकड्याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेता येईल. सेकंदाला एक आंदोलन करणाऱ्या लंबकाचा गुणवत्ता अंक एक हजार कोटी असता, तर एकदा झोका दिल्यावर शंभर वर्षांनंतरही त्याच्या झोक्याचा विस्तार मूळच्या एकतृतीयांशाहून अधिक राहिला असता.

इतक्या अल्प अपव्ययाची तरी चिंता का करावी, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर थंडीच्या खर्चात आहे. या पोकळ्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून सुमारे २ केल्व्हिन तापमानाला ठेवतात. त्या तापमानाला निर्माण झालेली एक वॅट उष्णता बाहेर काढण्यासाठी शीतकरण यंत्रणेला सामान्य तापमानाला सुमारे सात-आठशे वॅट वीज लागते. शेकडो पोकळ्यांच्या यंत्रात गुणवत्ता अंक दुप्पट झाला, तर पोकळ्यांतील लहरींमुळे निर्माण होणारी उष्णता निम्म्यावर येते आणि तेवढा शीतकरणाचा भार हलका होतो. म्हणजेच धातूच्या शुद्धतेचा हिशेब अखेर विजेच्या देयकात उमटतो.

टँटॅलसची कन्या

सामान्य दाबाखाली अतिसंवाहक होणाऱ्या मूलद्रव्यांमध्ये निओबियम सर्वांत वरच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ९.२ केल्व्हिनला, अतिसंवाहक बनतो. त्याचे पत्रे काढता येतात, ते दाबून वाटीसारखे आकार देता येतात आणि वेल्डिंगने जोडताही येतात. हे सर्व गुण एकत्र असल्यामुळेच पोकळ्यांसाठी त्याची निवड झाली.

या धातूचा शोध १८०१ साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅचेट यांनी ब्रिटिश म्युझियममधील एका खनिजाच्या नमुन्यात लावला. तो नमुना अमेरिकेतून आलेला असल्याने त्यांनी त्याला कोलंबियम असे नाव दिले. पुढे बराच काळ हे मूलद्रव्य आणि टँटॅलम एकच आहेत की भिन्न, याविषयी घोळ चालू होता. १८४४ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख रोझ यांनी त्यांचे वेगळेपण दाखवून निओबियम हे नाव सुचविले. ग्रीक पुराणकथेत नायोबी ही टँटॅलस राजाची कन्या. नावातील हे नाते अर्थपूर्ण आहे. कारण निसर्गात हे दोन धातू बहुधा एकत्रच आढळतात, आणि पोकळी तयार करणाऱ्यांना हा पित्याचा वारसा पुढे त्रासदायक ठरला.

आज जगातील बहुतांश निओबियम ब्राझीलमधील आराशा परिसरातील खाणींतून निघतो. त्याचा फार मोठा भाग पोलादाचा चिवटपणा वाढविण्यासाठी वापरला जातो. तेथे अतिशुद्धतेची आवश्यकता नसते. वेगवर्धकासाठी लागणारा निओबियम हा एकूण उत्पादनाचा अगदी लहान, परंतु सर्वांत कष्टाने सिद्ध होणारा हिस्सा आहे.

भट्टीतील शुद्धीकरण

निओबियमचा वितळबिंदू सुमारे २,४७७ अंश सेल्सियस आहे. शिवाय तापल्यावर हा धातू हवेतील ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन अधाशीपणे शोषून घेतो. त्यामुळे नेहमीच्या भट्टीत त्याची शुद्धी करता येत नाही. त्यासाठी निर्वात कोठीत इलेक्ट्रॉनांचा प्रखर झोत धातूच्या दांड्यावर सोडतात. वितळलेला धातू थेंबाथेंबाने पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्यात पडतो. या प्रवासात त्यातील वायू व सहज बाष्पीभवन होणारे पदार्थ निघून जातात. हीच क्रिया चार-सहा वेळा पुन्हा पुन्हा करतात. अखेरच्या लगडीत ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन यांचे प्रत्येकी प्रमाण दहा लाखांत सुमारे दहा भागांपेक्षा कमी, तर हायड्रोजनचे दोन भागांपेक्षा कमी असावे, अशी अपेक्षा असते.

एवढी सूक्ष्म अशुद्धी मोजण्यासाठी एक सोपी कसोटी वापरली जाते. धातूच्या पट्टीचा विद्युत् रोध आधी खोलीच्या तापमानाला आणि नंतर अतिसंवाहक होण्याच्या किंचित आधीच्या नीच तापमानाला मोजतात. खोलीच्या तापमानाला रोध मुख्यतः अणूंच्या कंपनांमुळे होतो. थंडीत ही कंपने जवळजवळ थांबतात आणि जो रोध उरतो तो प्रामुख्याने परकीय अणूंमुळे आणि स्फटिकांतील दोषांमुळे. म्हणून या दोन रोधांचे गुणोत्तर जितके मोठे तितका धातू शुद्ध. यालाच अवशिष्ट रोध गुणोत्तर म्हणतात. सुरुवातीच्या काळात बाजारात मिळणाऱ्या निओबियमचे हे गुणोत्तर ३० ते ४० च्या आसपास असे. १९८० नंतरच्या दशकात भट्ट्या सुधारल्या आणि आता पोकळीच्या पत्र्यासाठी ३०० हे प्रमाण सर्वसाधारणपणे ठरलेले आहे.

शुद्धता आणि उष्णतेचा मार्ग

येथे वाचकाला एक शंका येईल. पोकळीतील प्रवाह केवळ पृष्ठभागावरच्या अतिशय पातळ थरातून, सुमारे ४० नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाइतक्या जाडीतून वाहतो. मग अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा सगळा पत्रा शुद्ध असण्याची गरज काय?

गरज आहे ती उष्णतेसाठी. पृष्ठभागावर कोठेतरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा दोष असला, एखादा परका कण रुतलेला असला, तर तेवढी जागा अतिसंवाहक राहत नाही व तापू लागते. ही उष्णता भिंतीतून पार होऊन पलीकडच्या द्रवरूप हेलियममध्ये वेळीच गेली, तर निभावते. ती अडून राहिली तर शेजारचा धातूही तापतो, त्याची अतिसंवाहकता नष्ट होते, आणि पाहता पाहता पोकळीतील सारी ऊर्जा उष्णतेत विरून जाते. धातूतील परकीय अणू जसे विद्युत् प्रवाहाला अडवतात तसेच उष्णतेलाही अडवतात. रोध गुणोत्तर ४० वरून ३०० वर नेले, तर ४.२ केल्व्हिनला उष्णता वाहून नेण्याची धातूची शक्ती सुमारे साडेसातपट होते. दोष तोच राहतो, पण धातू तो सहन करू शकतो. शुद्धतेचे पहिले प्रयोजन हे, की राहून गेलेल्या चुकीला तिने आधार द्यावा.

टँटॅलमचा लहानसा गोळा

१९९० च्या सुमारास जगातील अतिसंवाहक पोकळ्या प्रत्यक्ष यंत्रांत मीटरमागे साधारणतः ५० ते ८० लाख व्होल्ट एवढे क्षेत्र देत. त्याच सुमारास जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील डेसी या संशोधन संस्थेत ब्यर्न वीक यांच्या पुढाकाराने टेस्ला नावाचे आंतरराष्ट्रीय सहकार्य उभे राहिले. मीटरमागे अडीच कोटी व्होल्ट हे त्याचे उद्दिष्ट होते. उच्च गुणोत्तराचा निओबियम वापरूनही आरंभीच्या काही पोकळ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी क्षेत्राला निकामी होऊ लागल्या. भिंतीवर बाहेरून बसविलेल्या तापमापकांनी तापणारी नेमकी जागा दाखवून दिली. तेथील धातूची क्ष-किरणांनी तपासणी केली असता पत्र्यात सुमारे ०.२ मिलिमीटर व्यासाचा टँटॅलमचा गोळा रुतलेला आढळला.

टँटॅलम निओबियमहून अधिक तापमानाला, सुमारे ३,०१७ अंशांना वितळतो. म्हणून तो भट्टीत बाष्परूपाने निघून जात नाही; त्याला रासायनिक पद्धतीने आधीच वेगळे करावे लागते. अर्थात या धातूत दहा लाखांत काहीशे भाग टँटॅलम एकसारखा मिसळलेला असेल, तर तो फारसा अपाय करत नाही. निओबियमच्या अणूची जागा तो बेमालूम घेतो. परंतु तेवढाच टँटॅलम एका ठिकाणी साचला, तर संपूर्ण पोकळी वाया जाते. म्हणजे किती अशुद्धी आहे, याइतकेच ती कोठे व कशी आहे, हेही महत्त्वाचे ठरते. रोध गुणोत्तर हा सरासरीचा आकडा आहे. एकाकी दोष त्यात दिसून येत नाही.

यावर उपाय म्हणून पोकळी घडविण्यापूर्वी प्रत्येक पत्रा भोवरी प्रवाहाच्या यंत्राखाली फिरवून तपासण्याची पद्धत डेसीने सुरू केली. पत्रा फिरत असता त्यात प्रवर्तित होणाऱ्या प्रवाहात जेथे फरक पडतो, तेथे परका कण किंवा ओरखडा असल्याचे समजते. संशयास्पद पत्रे बाजूला काढले जातात. हॅम्बुर्गजवळच्या ३.४ किलोमीटर लांबीच्या युरोपीय क्ष-किरण लेसर प्रकल्पासाठी अशा सुमारे ८०० पोकळ्या कारखान्यांतून तयार करून घेण्यात आल्या. चाचणीत त्यांनी मीटरमागे सरासरी सुमारे तीन कोटी व्होल्टपर्यंतचे क्षेत्र पेलले. हा प्रकल्प २०१७ पासून कार्यरत असून त्यातील वेगवर्धक इलेक्ट्रॉनांना १,७५० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट इतक्या ऊर्जेला नेऊ शकतो.

हायड्रोजनचा विकार

धातू अधिक शुद्ध होऊ लागला, तसा एक अनपेक्षित विकार समोर आला. १९९० च्या आसपास असे दिसून आले, की काही पोकळ्या सावकाश थंड केल्यास त्यांचा गुणवत्ता अंक कमालीचा घसरतो. त्याच पोकळ्या झपाट्याने थंड केल्यास ठीक चालतात. कारण होते हायड्रोजन. पोकळी आम्लाने स्वच्छ करताना निओबियमवरील संरक्षक ऑक्साइडचा थर निघून जातो आणि हायड्रोजन आत शिरतो. १५० ते ७५ केल्व्हिन या टप्प्यात पोकळी रेंगाळली, तर हे विखुरलेले अणू पृष्ठभागाजवळ एकत्र येऊन निओबियम हायड्राइडचे बारीक कण बनवितात. हे कण धड अतिसंवाहक नसतात.

याहून नवलाची गोष्ट अशी, की हा विकार जुन्या, कमी शुद्ध निओबियमपेक्षा नव्या, अधिक शुद्ध निओबियमला अधिक जडतो. जुन्या धातूतील ऑक्सिजनसारखे परकीय अणू हायड्रोजनला जागच्या जागी अडकवून ठेवत. ते दूर होताच हायड्रोजनला मोकळे रान मिळाले. एक अशुद्धी काढल्याने दुसरीचा उपद्रव वाढला. आता पोकळी निर्वात भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सियसला काही तास तापवून हायड्रोजन बाहेर काढला जातो, आणि आम्लाचे तापमानही कमी राखले जाते.

पृष्ठभागाची निगा

पत्रा लाटताना त्याच्या वरच्या थरात बारीक कण दाबले जातात व स्फटिकांची रचनाही विस्कटते. म्हणून तयार पोकळीच्या आतील सुमारे ०.१ ते ०.१५ मिलिमीटरचा थर काढून टाकावा लागतो. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात विद्युत् प्रवाह सोडून झिलई करतात. जपानच्या केईके या संस्थेने या पद्धतीचा विशेष विकास केला. तीत पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो. कप्प्यांचे जोड इलेक्ट्रॉन झोताने निर्वातात वितळवून केले जातात. जोडाच्या कडा काळजीपूर्वक स्वच्छ केल्या नाहीत, तर तेवढ्या चुकीने पोकळीची क्षमता निम्म्यावर येऊ शकते.

यानंतर धुण्याचे काम येते. अत्यंत शुद्ध पाण्याचे फवारे हवेच्या दाबाच्या सुमारे शंभर पट दाबाने पोकळीत तासन् तास मारले जातात. हजारांश मिलिमीटर आकाराचा धुळीचा कण जरी आत राहिला, तरी प्रखर क्षेत्रात त्याच्या टोकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. हे इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळून ती तापवितात व क्ष-किरणे निर्माण करतात. म्हणून पोकळ्यांची जुळणी धूलिविरहित कक्षात होते. तेथे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रोमीटरहून मोठे दहापेक्षा अधिक कण चालत नाहीत. अंगभर झगा, टोपी, मोजे व मुखपट्टी घातलेले तंत्रज्ञ तेथे अतिशय संथ हालचालींनी काम करतात. कारण घाईने हललेला हातही धूळ उडवितो. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचे भवितव्य अशा रीतीने एका बोल्ट आवळणाऱ्या हाताच्या शिस्तीवर येऊन ठेपते.

नायट्रोजनचे अनपेक्षित साहाय्य

वर्षानुवर्षे अशुद्धी हटविण्यात गेल्यानंतर, या विषयातील सर्वांत मोठी अलीकडची सुधारणा मुद्दाम घातलेल्या अशुद्धीतून झाली. अमेरिकेतील फर्मिलॅब या प्रयोगशाळेत ॲना ग्रासेलिनो आणि त्यांचे सहकारी निओबियमवर नायट्राइडचा थर चढविण्याचा प्रयत्न करीत होते. त्यासाठी तप्त पोकळीत अल्प दाबाचा नायट्रोजन सोडण्यात आला. तयार झालेला थर निकृष्ट निघाला. परंतु वरचे काही मायक्रोमीटर झिलईने काढून टाकल्यावर त्याच पोकळीचा गुणवत्ता अंक पूर्वीच्या कित्येक पट झाल्याचे आढळले. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पृष्ठभागाखाली विरघळलेले थोडेसे नायट्रोजन अणू प्रवाह वाहणाऱ्या थरातील अपव्यय कमी करतात. शिवाय पूर्वी परकीय अणूंमुळे जसे घडे, तसेच ते हायड्रोजनलाही एकत्र येऊ देत नाहीत, असे मानले जाते. मात्र या उपचाराने पोकळीची कमाल क्षेत्र पेलण्याची शक्ती काहीशी घटते. म्हणून जेथे क्षेत्र मध्यम पण अखंड हवे, तेथेच तो उपयुक्त ठरतो.

कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेच्या नव्या क्ष-किरण लेसरसाठी नेमकी हीच गरज होती. नायट्रोजनचा उपचार केलेल्या पोकळ्यांचा तेथील वेगवर्धक २ केल्व्हिनला अखंड चालतो. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यातून प्रथमच क्ष-किरणे मिळाली. सेकंदाला दहा लाखांपर्यंत स्पंद देण्याची त्याची योजना आहे. या पोकळ्या तयार होत असता आणखी एक धडा मिळाला. सारख्याच रोध गुणोत्तराचे, पण वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले पत्रे एकसारखे वागेनात. थंड होताना पृथ्वीचे उरलेसुरले चुंबकीय क्षेत्र काही पत्रे बाहेर ढकलीत, तर काही आत अडकवून ठेवीत आणि त्यामुळे अपव्यय वाढे. अशा पत्र्यांना ८०० ऐवजी ९०० अंशांवर तापविल्यावर त्यांच्या वर्तनात सुधारणा झाली. रासायनिक शुद्धतेइतकीच स्फटिकांची घडणही महत्त्वाची असते, हे यावरून स्पष्ट झाले.

भारतातील प्रयत्न

या क्षेत्रात भारताची वाटचाल मुंबईपासून सुरू होते. कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था यांनी संयुक्तपणे उभारलेला पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ च्या अखेरीस कार्यान्वित झाला. त्यातून निघणाऱ्या जड आयनांना आणखी गती देण्यासाठी पुढे अतिसंवाहक रेषीय वेगवर्धक जोडण्यात आला आणि २००७ साली तो पूर्णत्वास गेला. त्यात २८ अनुनादक असून ते तांब्याचे आहेत. आतून त्यांना शिशाचा पातळ मुलामा दिलेला आहे. शिसे ७.२ केल्व्हिनला अतिसंवाहक होते. निओबियमचे अवघड वेल्डिंग टाळून, स्वतःच्या कर्मशाळेत करता येईल असा हा मार्ग होता. मुलाम्याची जाडी, एकसारखेपणा आणि दमट हवेपासून त्याचे रक्षण या बाबी येथे निर्णायक ठरतात.

नवी दिल्ली येथील आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राने निओबियमचे अनुनादक आरंभी परदेशी सहकार्याने आणि नंतर स्वतःच्या इलेक्ट्रॉन झोत वेल्डिंग यंत्रावर तयार केले. इंदूर येथे १९८४ साली स्थापन झालेल्या आणि आज राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत पोकळी घडविणे, झिलई, धुणे आणि २ केल्व्हिनला चाचणी या सर्व सोयी उभ्या राहिल्या आहेत. निओबियमचे जोड लेसरने करण्याचे तंत्रही तेथे विकसित करण्यात आले. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये निओबियमची शुद्धी केली जाते. शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये ८० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन वेगवर्धक उभारला जात आहे. या प्रकल्पात भारताचा अणुऊर्जा विभाग भागीदार असून भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूर, कोलकाता व दिल्ली येथील संस्था त्यात सहभागी आहेत.

हा सहभाग केवळ परदेशातील प्रयोगासाठी नाही. आपल्या देशात थोरियमचे विपुल साठे आहेत. प्रोटॉनांच्या झोतावर चालणाऱ्या अणुभट्टीत त्यांचा उपयोग करून घेणे हे दूरच्या पल्ल्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी महिनोन् महिने न थांबता चालणारा प्रबळ वेगवर्धक हवा. अशा वेगवर्धकाला अतिसंवाहक पोकळ्यांवाचून पर्याय दिसत नाही. पोकळ्या आयात करता येतील. परंतु पत्रा पारखण्याची दृष्टी, जोड स्वच्छ राखण्याची सवय आणि फसलेल्या चाचणीतून कारण शोधण्याची चिकाटी आयात करता येत नाही. ती येथेच घडवावी लागते.

निओबियमची ही कहाणी शुद्धतेचा एक वेगळा अर्थ सांगते. भट्टीने वायू काढले, तेव्हा साचलेला टँटॅलम दिसला; ऑक्सिजन कमी झाला, तेव्हा हायड्रोजन मोकळा झाला; आणि सारे काही काढून झाल्यावर थोडा नायट्रोजन परत द्यावा लागला. शुद्ध धातू म्हणजे ज्यात परके काहीच नाही असा धातू, ही व्याख्या येथे अपुरी पडते. ज्यात काय आहे, किती आहे आणि नेमके कोठे आहे हे पूर्णपणे माहीत आहे, तो धातू शुद्ध. सराफाच्या दगडावरील रेघ एका क्षणात उत्तर देते. निओबियमचा कस लागायला खाणीपासून शीतकक्षापर्यंतचा लांब प्रवास करावा लागतो, आणि त्या वाटेवर हाताळणाऱ्या प्रत्येकाचाही कस लागतो.